देश बदलला, वंशावळ सुटली नाही

गेल्या उन्हाळ्यात मी निरगुडसरला घरी असताना एक विद्यार्थिनी भेटायला आली. तिचे दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम आहे. "सर, आम्ही परदेशी गेलो तर लग्नाला जात कोण विचारणार?" ती म्हणाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे माझ्याकडे सगळ्याची उत्तरे असतात असा पोरांचा समज. मी तिला बेने इस्रायलींची हकीकत सांगितली.

भीमाशंकरचा घाट उतरला की रायगड जिल्हा. तिथल्या गावांतून हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. भाषा मराठी, आडनावे पेणकर, नवगावकर. धर्म निराळा असूनही गावगाड्याने त्यांना जातीचाच खण दिला. त्यांनीही आपसांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद पाळला. ज्यांचे रक्त मिसळलेले मानले जाई त्या काळ्यांशी गोरे बेटीव्यवहार करीत नसत. हे लपवून पुढचे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि त्यांतले बहुसंख्य हळूहळू तिकडे गेले. नागरिकत्व मिळाले, मत मिळाले. पण त्या देशात नोंदणी पद्धतीचा विवाह नाही. ज्यूंचे लग्न रब्बींच्या हाती. काही रब्बी बेने इस्रायलींचे इतर ज्यूंशी लग्न लावीनात. आक्षेप असा की, शतकानुशतके एकाकी राहिलेल्या या लोकांत घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले नसणार. मग त्यानंतरच्या विवाहाची संतती दूषित. दोष पणजीचा, शिक्षा पणतीला! १९६२ साली मुख्य रब्बींनी नियम काढले: आईकडच्या पूर्वजांची जमेल तितक्या मागे जाऊन चौकशी करावी.

घाण्यावर राबलेल्या पणजीचा दाखला आणायचा कुठून? जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीचा कागद शोधत कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्यांना ही दमछाक कळेल. आपण तो कागद हक्कासाठी दाखवतो. त्यांना तो प्रेमासाठी दाखवावा लागला.

ते गप्प बसले नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत. मग रब्बींनी नियमांतून त्यांचे नाव काढले आणि 'ज्यांच्या वंशाविषयी शंका आहे असे' अशा अर्थाचे शब्द घातले. चौकशी राहिलीच. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहिले होते. राज्यघटनेने दिलेली समता लग्नाच्या बोहल्यापाशी का अडते, ते या प्रकरणावरूनही कळते.

"म्हणजे इथेच बरे?" तिने विचारले.

इथे १९५४चा विशेष विवाह कायदा आहे, जात-धर्म न पाहता लग्न लागते, मी म्हणालो. मात्र नोटीस तीस दिवस कचेरीत लागते.

"आणि ती गावातल्या कुणी वाचली तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन साक्षीदार लागतात, एवढे सांगितले. दोन तुम्ही पाहा, तिसरा मी येतो.