आधी गोष्ट, मग वेलांटी

सकाळी ७.०५. हडपसर गाडीतळ. ताई बसमध्ये चढते तेव्हा तिच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या असतात. एकीत डबा, पाण्याची बाटली, हजेरीचं रजिस्टर. दुसरीत दाभण, जाड दोऱ्याचं रीळ, स्टेपलर, कात्री, फेविकॉलची बाटली, पेन्सिलींचा डबा. शार्पनर मात्र पर्समध्ये, वेगळ्या कप्प्यात. पिशवीत ठेवलेलं शार्पनर आठवडाभरसुद्धा टिकत नाही म्हणते. तिकीट वीस रुपये. येताना वीस. महिन्याला हजाराच्या आसपास बसलाच जातात, तिचा वर्ग चालवणारा ट्रस्ट प्रवासाचे पाचशे देतो. मानधन साडेआठ हजार. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही. भाव सांगावा तसं सांगते.

७.५०. पुलगेटला उतरून ती चालत भवानी पेठेत येते. काशेवाडीच्या अलीकडे एका गणेश मंडळाची खोली आहे, दहा बाय चौदा. चावी समोरच्या चहावाल्याकडे. शटर अर्ध्यावर अडकतं, मग खालून खांदा लावायचा. एका भिंतीला ताडपत्रीखाली ढोल रचलेले. वर फळीवर दोन चषक, एक जुनी समई आणि मागच्या देखाव्यातला थर्माकोलचा खांब. खोलीला भाडं नाही, लाइटबिल भरायचं. अट एकच: गणपतीच्या आधी दीड महिना खोली रिकामी करायची. तेवढे दिवस वर्ग देवळाच्या पायऱ्यांवर भरतो, आणि पाऊस आला की मोडतो.

ती झाडू मारते, सतरंजी अंथरते. ढोलाच्या टिपऱ्या उचलून थर्माकोलच्या खांबामागे लपवते. हे काम सगळ्यात आधी करायचं असतं.

८.३०. पहिली तुकडी. तिसरी ते पाचवी. यांची महापालिकेची शाळा दुपारची, म्हणून सकाळी इथे. सकाळच्या शाळेची मुलं दुपारी येतील. फी नाही. प्रवेश अर्ज नाही. रजिस्टरमध्ये नाव घातलं की झालं. आज बावीस आहेत, शिवाय एका मुलीच्या कडेवर तिचा भाऊ. त्याला ती सतरंजीच्या कडेला बसवते आणि हातात बिस्किटाचा पुडा देते.

ताई फळ्यावर काही लिहीत नाही. विचारते, "आज नळाला पाणी आलं तेव्हा कोण काय बोललं?"

एकदम बावीस तोंडं. ताई हात वर करते. "बोलायचं नाही. लिहायचं. जसं बोलले तसंच."

एकजण विचारतो, "ताई, शिव्या पण?"

"फुल्या मार."

मग पंधरा मिनिटं फक्त पेन्सिली चालतात. मी मागून वाकून बघतो. एका कागदावर आजी मराठीत भांडतेय, शेजारीण "मेरा नंबर पैले था" म्हणतेय, आणि तिसऱ्या बाईचं कानडी मुलीला कानानं जसं लागलं तसं देवनागरीत उतरलंय. एका कागदावर नुसत्या फुल्याच आहेत, दोन ओळी भरून. ऱ्हस्व-दीर्घ कुठेही कसंही. ताई त्याला हात लावत नाही. "आधी गोष्ट, मग वेलांटी," एवढंच म्हणते. शाळेत याच वेलांटीसाठी मार्क कापले जातात हे तिला ठाऊक आहे. शुक्रवारचा अर्धा तास तिनं त्यासाठीच ठेवलाय.

कोपऱ्यात एक चौथीतला मुलगा कागद कोरा ठेवून बसलाय. त्याला अक्षरं येतात, वाक्य येत नाही. ताई त्याच्यासमोर मांडी घालते. "तू सांग, मी लिहिते." तो सांगतो. ती लिहून घेते आणि वाचून दाखवते: आईनं बादली ढकलली.

"मी असं नाय बोललो."

"मग?"

"लाथाडली बोललो."

ताई खोडते. 'लाथाडली' लिहिते. तो कागद हातात घेतो, त्या शब्दाखाली बोट फिरवतो. पुढची ओळ त्याला स्वतः लिहायची असते. 'मग' एवढं लिहून होतं, तेवढ्यात वेळ संपते. तो कागद घडी करून खिशात घालतो. नियमानं कागद इथेच ठेवायचे असतात. ताई बघूनही बोलत नाही.

१०.४०. मुलं गेली. आता बावीसमधला एक वजा करून एकवीस कागद. ताईकडे लाल पेन नाही. प्रत्येक कागदाखाली पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिते. 'मग हंडा कोणाचा निघाला?' 'आजी एवढी का चिडली?' उद्या मुलानं त्याचं उत्तर लिहून आणायचं, म्हणजे गोष्ट आपोआप लांबते. एका कागदाला तीनेक मिनिटं. तास निघून जातो. या तासाचं कोणत्याही रजिस्टरमध्ये नाव नाही. ट्रस्टच्या तक्त्यात रकाने आहेत ते उपस्थितीचे.

दुपारी १२.३०. एक मावशी पोतं घेऊन येतात. सकाळी सोसायट्यांमधला कचरा गोळा करायचा, मग सुका माल निवडायचा, आणि मग इथे. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासूनची. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. मावशी तिच्या सभासद आहेत. मुलगी इथेच दुपारच्या तुकडीत.

पोत्यात पाठकोरे कागद. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे. हा सगळा कारभार या कागदांवर चालतो. ताई काटा अडकवते. चार किलो आणि थोडं. भंगारवाला पांढऱ्या कागदाला जो भाव देतो तोच ताई देते, आज किलोला बारा. पन्नास रुपये होतात. मावशी दोन परत करायला बघतात, ताई घेत नाही. मग दोघी मिळून गठ्ठा चाळतात. खातेनंबर, फोननंबर, आधारची झेरॉक्स दिसली की फाडून बाजूला. कंपनीचे नकाशे निघाले की मुलं खूश, कारण कागद मोठा असतो.

१.१५. डबा. भाकरी, मेथी, ठेचा. जेवता जेवता ताई फोनवर एक फोटो दाखवते. सॅन फ्रान्सिस्कोमधलं '८२६ व्हॅलेन्सिया'. लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका नीनिव्हे कॅलेगरी यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, मुलांसाठी मोफत लिखाणाचं आणि शिकवणीचं केंद्र. जागेच्या नियमाप्रमाणे तिथे दर्शनी भागात दुकान हवंच होतं, म्हणून त्यांनी समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं. डोळ्यावरची पट्टी वगैरे. मागच्या बाजूला मुलं लिहीत बसतात. पुढे न्यूयॉर्कमध्ये सुपरहिरोंच्या सामानाचं दुकान निघालं, लंडनमध्ये राक्षसांच्या.

ताई ढोलांकडे बघते. "आपल्याकडे पण आहे की सामान. फक्त विकायला नाही."

२.००. दुसरी तुकडी. सहावी-सातवी. या महिन्यात हस्तलिखित अंक चाललाय. एकच प्रत निघते. ती घरोघर फिरते, एका घरी एक रात्र. नमुन्याला 'किशोर'चे जुने अंक समोर ठेवलेत. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं. मुलं गोष्टी नंतर वाचतात, आधी अनुक्रमणिका बघतात: कोणाचं नाव कितव्या पानावर.

मावशींच्या मुलीनं लेख लिहिलाय. आई माल कसा निवडते त्यावर. पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, दुधाच्या पिशव्या धुऊन वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं. प्रत्येकापुढे भाव. संपादक मुलगा नाराज आहे. "ही तर यादीये. गोष्ट कुठंय?"

मुलगी म्हणते, "भाव खरे आहेत."

"असू दे. झालं काय पुढं?"

ती विचार करते. मग खाली एक ओळ घालते: काच निवडताना आई बोलत नाही, बाकी सगळं निवडताना बोलते. संपादक दोनदा वाचतो आणि लेख तिसऱ्या पानावर घेतो. माझ्या मते पहिल्या पानावर घ्यायला हवा होता. पण पहिल्या पानावर संपादकाची स्वतःची भुताची गोष्ट आहे.

मग शिवण. पानं जुळवायची, दाभणानं पाच भोकं पाडायची, दोरा मधल्या भोकातून घालून मधल्याच भोकात आणायचा. गाठ आतल्या बाजूला. दाभण ताईच्याच हातात राहतं, दोरा मुलं ओढतात. मुखपृष्ठाला कार्डशीट, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं, दहा रुपये. त्यावर चुकून फेविकॉलचा पंजा उमटतो. दुसरं कार्डशीट नाही. पंजाला पिसं काढून त्याचा मोर होतो.

४.३०. चहा. दहा रुपये. चहावाला चावी सांभाळतो म्हणून ताई चहा तिथेच घेते, आणि रोख देते.

५.३०. नववी-दहावी. आता गणित, विज्ञान, इंग्रजी. शिकवायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी. दोघंही पैसे घेत नाहीत. काका खडू मात्र स्वतःचा आणतात, इथला तुटतो म्हणून.

एक मुलगा उशिरा येतो. केसांत लाकडाचा भुसा. शाळा सुटली की तो टिंबर मार्केटमध्ये एका प्लायवूडच्या दुकानात असतो. बीजगणिताची दोन उदाहरणं काकांकडे सोडवतो आणि मग मराठी काढतो. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन असतं: पत्र, बातमी, जाहिरात, कथा. आज जाहिरात. गाइडमध्ये छत्रीच्या दुकानाची आहे, 'रंगीबेरंगी, आकर्षक, टिकाऊ'. मुलगा तीच उतरवायला घेतो. ताई गाइड मिटते.

"तू काय विकतोस दिवसभर?"

तो लिहितो. मरीन प्लाय. १९ एमएम, आठ बाय चार. ओल लागली तरी फुगणार नाही. घरपोच मिळेल. हमाली वेगळी.

काका वाचून हसतात. म्हणतात, शेवटचं वाक्य परीक्षेत काढ. मुलगा म्हणतो, "काढलं तर गिऱ्हाईक दारात भांडतं, काका." ते वाक्य राहतं. वर ताई त्याच्याकडून एक घोषवाक्य घालून घेते, कारण त्याला मार्क असतात.

७.२०. आवराआवर चालू असताना दुपारच्या मावशी मुलीला घेऊन परत येतात. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही. काचा-पत्रा निवडून रेघा झिजल्यात. दुकानदार म्हणाला, ऑफिसात अर्ज द्या. बाहेर अर्ज लिहून द्यायचे पन्नास सांगतात, म्हणजे आजच्या कागदांची कमाई तिकडेच.

"ताई, तेवढा लिहून द्या."

ताई मुलीकडे बोट दाखवते. "ही लिहील."

अर्ज पाठकोऱ्या कागदावर चालत नाही. मुलगी धावत जाऊन दोन रुपयांचा कोरा फुलस्केप आणते. सतरंजी गुंडाळलेली आहे, म्हणून ती एका ढोलावर कागद ठेवते. 'प्रति' लिहिते, 'विषय' लिहिते. "आई, किती महिने झाले?"

"दोन. नाय, तिसरा चालू आहे."

"अंगठा का उमटत नाही ते लिहू?"

"लिही की. काचेनं."

मुलगी लिहिते. काका खडू खिशात टाकून निघतात. ताई बसची वेळ बघते, मग कागद हातात घेऊन वाचते. मजकुराला हात लावत नाही. दोन वेलांट्या दुरुस्त करते, 'विनंति'ची आणि 'शिधापत्रिके'ची.

"वेलांटी नंतर ना, ताई?" मुलगी विचारते.

"हा ऑफिसात जाणार आहे," ताई म्हणते. "इथं सही कर म्हणावं आईला."