बडतर्फी नव्हे, राजीनामा

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने, प्रसूतिगृहे आणि निदानकेंद्रे यांच्या पाट्या दाटीने लागलेल्या आहेत; परंतु येथे किंवा अन्यत्र खासगी नोकरी करणाऱ्या स्त्रीला स्वतःला दिवस गेले म्हणजे "तूर्त राजीनामा द्या, बाळ मोठे झाले की पाहू" हा सल्ला ज्या मायेने दिला जातो, त्या मायेची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती हे राष्ट्रहित असल्याने तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असे म्हटले, आणि तरीही स्त्रियांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाला मोकळे सोडले नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात व १९३० मध्ये आपल्या मध्यप्रांतात कायदे झाले. भार मात्र मालकाच्याच तिजोरीवर राहिला, आणि माझ्या मते त्या गोड सल्ल्याचे मूळ तेथेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील स्त्रीची प्रसूतिलाभाची रक्कम मात्र त्या योजनेचे महामंडळ देते. तिच्या मालकाला तर खर्चाची ही सबबही उरत नाही.

१९६१ चा प्रसूतिलाभ अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तरी गाभा तोच आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या स्त्रीला, हयात अपत्ये दोनांहून कमी असल्यास, सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्या रजेत तिला बडतर्फ करणे, रजेतच मुदत संपेल अशी नोटीस देणे किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या अहिताच्या करणे बेकायदेशीर आहे. बडतर्फीच्या हुकुमाविरुद्ध साठ दिवसांत अपील करता येते. रोजंदारीचीही सबब चालत नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच तसा निर्णय दिला, आणि करार रजेच्या मध्येच संपला तरी लाभ संपत नाही, हे २०२३ मध्ये स्पष्ट केले.

हे सारे संरक्षण मालकाच्या हुकुमाविरुद्ध आहे. स्वतःच्या सहीने दिलेला राजीनामा दबावाखाली दिला होता, हे मागाहून शाबीत करणे महाकठीण. म्हणून रजेचा अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि कामावरून काढायचेच असेल तर तसा लेखी हुकूम मागावा. तो लिहून देण्यास सहसा कोणी धजत नाही. दहांहून कमी नोकर असलेल्या लहान दवाखान्यातील स्त्रीपर्यंत मात्र ही तरतूद सहसा पोहोचतच नाही.