खाडीतली होडी आणि दुसरे इंजिन

मुठेकाठी राहणाऱ्या आपल्याला नदी एकाच दिशेने वाहते असे वाटते. दाभोळला समुद्राला मिळणाऱ्या वाशिष्ठीचा प्रवाह मात्र खाडीत दिवसातून साधारण चारदा उलटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ सर्वाधिक असते.

समजा, ओहोटीचे पाणी सेकंदाला १.५ मीटर वेगाने बाहेर जात आहे आणि मासेमारी होडीचे इंजिन बंद पडले. दहा मिनिटांत होडी ९०० मीटर वाहून जाईल. खाडीच्या मुखाशी येणाऱ्या लाटा या पाण्याला समोरून भिडून उंच आणि खड्या होतात. होडी उलटण्याचा धोका तिथेच! म्हणून आधी नांगर टाकावा, तोही पुढच्या टोकाकडून. दोरी खोलीच्या किमान पाचपट हवी.

दुसरे इंजिन किती मोठे असावे? पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे धरू. मग निम्म्या वेगासाठी शक्ती सुमारे एक-अष्टमांशच लागते. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) म्हणजे लहान इंजिनही चालेल, पण त्याचा वेग ओढीपेक्षा कमी असेल तर प्रवाहाशी झुंजू नये, आडवे जाऊन काठ गाठावा. आणि त्याची इंधनाची टाकी वेगळी हवी. पहिले इंजिन इंधनातल्या पाण्यामुळे बंद पडले असेल, तर त्याच टाकीवरचे दुसरेही बंद पडेल.