जुळ्या करडांचं गणित

धाराशिवच्या आठवडी बाजारात उस्मानाबादी शेळी ओळखायला जाणकार लागत नाही. अंगानं बहुधा काळीभोर, कान लोंबते आणि बऱ्याचदा मागे दोन करडं. जिल्ह्याचं नाव 2023 साली बदललं, शेळीचं जुनंच राहिलं. जुळ्यांची ही खोड मालकाच्या फायद्याची. लस टोचणाऱ्याला मात्र तीच घाम फोडते.

कारण पीपीआर. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडीच ती. ताप, वाहतं नाक, तोंडात व्रण, हगवण. भारतात ती 1987 साली तमिळनाडूत पहिल्यांदा ओळखली गेली. तिचा विषाणू माणसांतल्या गोवराचा भाऊबंद. गुरांची बुळकांडीही त्याच कुळातली. लसीच्या जोरावर ती जगातून संपल्याचं 2011 साली जाहीर झालं.

बर्फाच्या डब्यातून कुपी निघते. तळाची कोरडी वडी द्रावणात विरघळते. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत धरून एक मिली आत. शेळी एकदा ओरडते आणि पुन्हा पाल्याकडे वळते. आत मात्र धांदल सुरू होते: निर्बल केलेला विषाणू थोडासा वाढतो, पांढऱ्या पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं घडवतात आणि त्यांतल्या काही पेशी ही ओळख वर्षानुवर्षं सांभाळतात.

पण तान्ह्या करडाला टोचून उपयोग नसतो. आईच्या चिकातून त्याला आयती प्रतिपिंडं मिळालेली असतात. तीन-चार महिने तीच लसीतल्या विषाणूला डोकं वर काढू देत नाहीत. बाळाला गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यामागेही हेच कारण. तिथे प्रतिपिंडं नाळेतून आलेली असतात, इतकाच फरक.

आता हिशेब. समजा, वीसच्या वीस शेळ्यांना टोचलं. विषाणूला शिरायला फट नाही. वर्षभरात दहा शेळ्या विकल्या, उरलेल्यांनी पंधरा करडं दिली. लस एकाही शेळीत फसलेली नाही, तरी पंचवीसांपैकी पंधरा जनावरं चिकाचा आधार सरताच उघडी पडतात. म्हणूनच लसीकरणाची फेरी पुन्हा पुन्हा.

माणसांत ही गळती स्थलांतरानंही होते. एक गोवराचा रुग्ण, आसपास कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देतो. त्याला थोपवायला सुमारे 95 टक्के लोक सुरक्षित हवेत. धाराशिवची ऊसतोड कुटुंबं हंगामात दूरच्या कारखान्यांवर जातात. पहिला डोस उन्हाळ्यात गावात झालेल्या बाळाची सोळा ते चोवीस महिन्यांच्या दुसऱ्या डोसाची वेळ फडावर येऊ शकते, आणि लसीकरणाचं कार्ड गावच्या घरी, पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं.