शाळेत जातीवरून चिडवतात? तक्रार लेखीच द्या

कुणाला 'कोट्यातला' म्हणून हिणवले जाते, कुणाच्या शेजारी डबा खायला कोणी बसत नाही. शाळा म्हणते, "मुलांची मस्करी आहे." साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले, ती मस्करी नव्हती. हीही नाही.

पालकांनी आधी मुलाचे पूर्ण ऐकावे. 'तूच काही केले असशील' असे म्हणू नये. यात तुझा दोष नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. कोण, केव्हा, काय बोलले, कोणी ऐकले, हे तारखेसह लिहून ठेवावे. मोबाईलवरचे मेसेज जपावेत.

मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा पुरावा उरत नाही. दखल घेतली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. शिक्षकच छळत असतील तर शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. चारचौघांत जातिवाचक अपमान झाल्यास १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने त्याचे संरक्षण त्यांनाही मिळते. तातडीच्या मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८.

कार्यकर्त्यांनो, पालकांसोबत शाळेत जा, अर्ज लिहून द्या. पण मुलाचे नाव, फोटो व्हायरल करू नका. चिडवणाऱ्या मुलांचेही नको. बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ७४ अशा प्रकरणांत मुलांची ओळख उघड करू देत नाही. आपल्याला निषेधाची पोस्ट नको आहे. ते मूल उद्या ताठ मानेने वर्गात बसायला हवे.

जय भीम! नमो बुद्धाय!