लक्ष्या पन्नाशीतच गेला!

16 डिसेंबर 2004. अभिनेते लक्ष्मीकांत बेर्डे मूत्रपिंडाच्या आजाराने गेले, तेव्हा ते फक्त 50 वर्षांचे होते. आमच्या अमरावती-अकोल्यात मात्र आजही टीव्हीवर त्यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की चॅनल बदलायची कोणाची टाप नसते!

सुरुवात मुंबई मराठी साहित्य संघातल्या नोकरीपासून आणि छोट्या भूमिकांपासून झाली. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ नाटकाने नाव मिळालं. मग 1985 मध्ये महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’ आला आणि सगळा महाराष्ट्र त्यांना ‘लक्ष्या’ म्हणू लागला. 1989 च्या ‘मैने प्यार किया’ने हिंदी प्रेक्षकही जोडले.

त्यांची खरी ताकद होती प्रतिक्रियेत. ‘झपाटलेला’ (1993) आठवा. समोर रामदास पाध्यांचा तात्या विंचू, म्हणजे एक बाहुला. पण लक्ष्याची घाबरगुंडी इतकी खरी, की बाहुलाही जिवंत वाटतो.

आणि ज्यांना वाटतं लक्ष्या म्हणजे नुसता धांगडधिंगा, त्यांनी ‘एक होता विदूषक’ (1992) पाहाच. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. लोकांना हसवणाऱ्या तमाशा कलावंताची फरफट त्यांनी त्यात अशी उभी केली, की हसता हसता घसा दाटतो. अशा भूमिका त्यांच्या वाट्याला फार कमी आल्या, हीच खंत.

आज आपले अमरावतीचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलीत अख्ख्या महाराष्ट्राला हसवतात, तेव्हा वाटतं, त्यांची आणि लक्ष्याची जुगलबंदी पाहायला भेटली असती तं लय मजा आली असती राजेहो!

तुमचा आवडता लक्ष्या कोणत्या सिनेमातला?