कपाटाची किल्ली

शाळेचं ग्रंथालय अंधेरीचं असो वा मुलुंडचं, डोळ्यांपुढे कुलूपबंद कपाटच येतं. पुस्तक बाईंकडे मागायचं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. समलैंगिक किंवा ट्रान्सजेंडर मूल इथेच अडतं. आपल्यासारख्यांबद्दलच्या पुस्तकाचं नाव घेणं म्हणजे स्वतःचं गुपित फोडणं. म्हणून अशी पुस्तकं उघड्या मांडणीवर, इतर पुस्तकांतच मिसळलेली हवीत. वेगळा फलक नकोच. लहानांसाठी कनक शशी यांचं ‘गुठली हॅज विंग्ज’ घ्या: घरचे गुठलीला मुलगा म्हणतात, तिला मात्र फ्रॉक हवा असतो. मोठ्यांसाठी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी. मधल्या वयासाठी मराठीत फारसं काही नाही, हे खटकतं. कायद्याची भीती नको. समलैंगिकता हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजीच सांगितलं आहे. आणि बाई, ते रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू नका.